परसदारचा लाकडावरचा बंब: निवडीपासून नळजोडणीपर्यंत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यातल्या माड-पोफळीच्या बागाही त्याने आडव्या केल्या. आमच्या वाडीत त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. गिझर बंद होता, सौर पाणीतापकाच्या काचनळ्या फुटल्या होत्या, पाऊस तोंडावर आला होता, आणि घरातल्या सात माणसांच्या अंघोळीचे पाणी मागीलदारच्या चुलवणावर हंड्यात तापवून कळशीने न्हाणीत न्यावे लागत होते. कढत पाण्याची कळशी घेऊन ओल्या पायरीवरून चालणे किती जोखमीचे असते, ते त्या दिवसांत रोज दिसत होते. त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही घराबाहेर लाकडावर चालणारा मोठा बंब बसवला आणि त्याचे पाणी नळाने दोन्ही न्हाणीघरांत आणले. पहिली जोडणी चुकीची निघाली आणि ती सारी उखडून पुन्हा करावी लागली. पुढे लिहिले आहे ते या दोन्ही जोडण्यांतून शिकलेले आहे.

अमेरिका-कॅनडाच्या थंड ग्रामीण भागांत घराबाहेर लाकडाची भट्टी ठेवतात, तिच्याभोवतीचे पाणी तापवून जमिनीखालच्या नळांतून घरात खेळवतात आणि त्यावर सारे घर ऊबदार ठेवतात. कोकणात घर तापवण्याची गरज नाही, पण मोठ्या कुटुंबाला किंवा पाहुण्यांची निवासव्यवस्था चालवणाऱ्या घराला अंघोळीचे पाणी मात्र बारा महिने लागते, आणि सौर यंत्र जेव्हा सर्वांत कमी चालते त्या आषाढ-श्रावणात ते अधिकच लागते. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

विजेच्या गिझरला बटण असते, लाकडाच्या आगीला ते नसते. एकदा भरलेली आग तास-दीड तास जळणारच आणि तिची उष्णता पाण्यात उतरणारच, मग नळ उघडा असो वा बंद. म्हणून बंब पाहायला बाजारात जाण्याआधी, तापून फुगलेल्या पाण्याला आणि वेळ आलीच तर वाफेला बाहेर पडण्याची कायम उघडी वाट कुठून मिळेल, हे कागदावर काढावे. बंबाचा आकार, धातू आणि किंमत हे निर्णय त्यानंतरचे आहेत.

किती लिटरचा बंब घ्यावा

अंघोळीला लागणारे पाणी साधारण ४० अंशांचे असते, बंबातले पाणी ६० अंशांचे धरावे आणि विहिरीचे २५ अंशांचे. या हिशेबाने कोमट पाण्याच्या सात भागांत तीन भाग गरम आणि चार भाग थंड पाणी जाते. सात माणसांनी प्रत्येकी १८ लिटरच्या दोन बादल्या घेतल्या तर २५२ लिटर कोमट पाणी लागते, म्हणजे बंबातले सुमारे १०८ लिटर. पाहुणे शॉवर वापरतात तेव्हा हिशेब बदलतो. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटे उभा राहणारा माणूस ६४ लिटर कोमट पाणी वापरतो, आणि असे चार पाहुणे घरातल्या सात जणांइतके पाणी संपवतात. आम्ही दोन्ही मिळून २५० लिटरचा बंब घेतला.

एवढे पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ८,७५० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेवर ती दहा युनिटांहून थोडी अधिक भरते. नीट वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात, पण साध्या बंबात त्यातली ४० टक्के पाण्यात उतरली तरी चांगले समजावे. म्हणजे रोज सहा-साडेसहा किलो लाकूड. तेवढी लाकडे, झावळ्या आणि सोडणे (नारळाच्या वरची साले) आपल्या वाडीत वर्षभर निघतात का, हे आधी पाहावे. जळण विकत घेऊन हा बंब चालवायचा असेल तर माझ्या मते तो बसवू नये.

धातूची निवड

जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. असे पाणी बंबात क्षार साठू देत नाही, पण धातू मात्र हळूहळू खाते. खाडीकाठच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळपणा येतो, तो आणखी वेगळा त्रास. म्हणून पीएच दाखवणारी कागदी पट्टी पाण्यात बुडवून पाहावी आणि वैशाखातल्या पाण्याची चव घेऊन पाहावी. या दोन गोष्टी कळल्याशिवाय धातू ठरवू नये.

तांब्याचा बंब महाग पडतो, परंतु गोड्या पाण्यात तो एक पिढी सहज टिकतो. पाणी फारच आम्ल असेल तर न्हाणीच्या लादीवर निळसर-हिरवे डाग पडू लागतात आणि तांबे झिजत असल्याचे ते लक्षण असते. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील गोड्या पाण्याला चालते. मचूळ पाणी तापवले की मात्र त्यातले क्लोराइड वेल्डिंगच्या रेघेजवळ सुईच्या टोकाएवढी भोके पाडते, म्हणून तिथे ३१६ प्रतीचाच आग्रह धरावा. साधे लोखंडी पत्र्याचे बंब स्वस्त असतात, परंतु रोज नवे पाणी आत येते, त्याबरोबर नवा प्राणवायू येतो, आणि गंज कधीच थांबत नाही. लोखंडच वापरायचे असेल तर बंबातले पाणी वेगळे आणि अंघोळीचे वेगळे ठेवावे. बंबातले तेच ते पाणी साठवण टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरत राहते, त्यातला प्राणवायू संपतो आणि ५ मिमी जाडीचा पत्राही बरीच वर्षे टिकतो. चार-पाच खोल्यांच्या निवासासाठी मी हीच रचना सुचवीन. एका कुटुंबासाठी साठा आणि आग एकाच ठिकाणी असलेला साधा उभा बंब पुरतो.

बनवणाऱ्याकडे गेल्यावर चार गोष्टी हाताने तपासाव्यात. राख काढायचे दार पुरेसे मोठे हवे, धुराची मधली नळी वरून ब्रश घालून साफ करता यावी, तळाशी गाळ सोडण्यासाठी तोटी हवी, आणि पाण्याच्या भागाच्या अगदी माथ्यावर एक इंची आट्यांचे तोंड हवे. हे शेवटचे तोंड बंबाच्या खांद्यावर असेल तर त्याच्या वर वाफ कोंडते. असा बंब घेऊ नये.

जागा आणि चौथरा

बंब न्हाणीघराच्या आत किंवा बंद पडवीत कधीही ठेवू नये. अर्धवट जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि दार लावून अंघोळ करणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही.

दिशेचा विचार किनाऱ्यावर जरा अवघड आहे. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून बरेच जण बंब घराच्या पूर्वेला ठेवतात. पण थंडीत पहाटे, म्हणजे नेमके बंब पेटवायच्या वेळी, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पूर्वेचा सगळा धूर स्वयंपाकघरात शिरतो. आमचा पहिला बंब असाच पूर्वेला होता. आता तो घराच्या उत्तरेला, भिंतीपासून तीन मीटरांवर आहे आणि दोन्ही ऋतूंत त्रास नाही. गवताची उडवी किंवा झावळ्यांचा मांडव जवळ असेल तर याच्या तिपटीने दूर जावे. उगाच लांब मात्र जाऊ नये, कारण एक इंची नळात मीटरमागे अर्धा लिटर पाणी राहते. बारा मीटरच्या नळातले सहा लिटर पाणी प्रत्येक वेळी आधी थंड येते आणि ते वाया जाते.

२५० लिटर पाणी, पत्रा आणि विटा मिळून वजन चारशे किलोच्या आसपास जाते. चार इंच काँक्रीटवर चिऱ्याचा दीड फूट उंच चौथरा बांधावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी बंबाच्या बुडाशी येत नाही आणि राख काढताना कंबर मोडत नाही. चिरा पाणी धरून ठेवतो, म्हणून आगीच्या थेट खाली भट्टीच्या विटांचा एक थर द्यावा. वर पत्र्याचे छप्पर असावे. धुराडे एकपदरी असेल तर लाकडी वासे आणि रिपा त्यापासून ४५ सेंमी दूर राहतील असे पाहावे, आणि त्याचे तोंड तीन मीटरांच्या आत असलेल्या छपराच्या उंचीपेक्षा किमान ६० सेंमी वर काढावे.

नळजोडणी

थंड पाण्याची टाकी बंबापेक्षा उंच हवी आणि तिच्यातून बंबाकडे स्वतंत्र एक इंची नळ यावा. घराला प्रेशर पंप असेल तर त्याची लाइन बंबाला थेट जोडू नये, बंबासाठी वेगळी छोटी टाकी ठेवावी. टाकीला दोन तोंडे पाडावीत: न्हाणीच्या थंड नळाचे तोंड खाली आणि बंबाकडे जाणारे त्याहून बोटभर वर. टाकी रिकामी होऊ लागली तर आधी गरम पाणी थांबते आणि शॉवरखालच्या माणसाच्या अंगावर नुसते कढत पाणी येत नाही. बंबातले पाणी तरीही जागेवर राहते, कारण ते फक्त माथ्यावरून बाहेर पडते. थंड नळ बंबाच्या तळाशी जोडावा. त्यावर दुरुस्तीसाठी एक चावी लागते, पण तिची मूठ काढून घरात ठेवावी. एकदिशा झडप मात्र तिथे लावू नये, कारण २५ वरून ९५ अंशांवर जाताना २५० लिटर पाणी सुमारे ९ लिटरने फुगते आणि त्या वाढीला टाकीकडे परत सरकता आले पाहिजे.

आता हवानळी, म्हणजे वाफेची ती कायम उघडी वाट. बंबाच्या माथ्यावरून एक इंची धातूची नळी सरळ वर न्यावी, तिलाच आडवी टी (तीन तोंडांचा जोड) देऊन घरात जाणारा गरम नळ काढावा, आणि उभी नळी टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन उघडी सोडावी. तापलेले पाणी हलके असल्यामुळे ते या नळीत टाकीच्या पातळीपेक्षा उंच चढते. म्हणून टाकीतले पाणी बंबाच्या तळापासून जितके मीटर उंच, त्या प्रत्येक मीटरमागे ४० मिमी आणि वर १५० मिमी, इतकी तरी हवानळी त्या पातळीच्या वर हवी. चार मीटरला हा हिशेब ३१० मिमी येतो. मी दोन फूट ठेवली आहे. नळीचे तोंड खाली वळवून, जिथे कोणी उभे राहत नाही अशा छपराच्या उतारावर सोडावे. प्लास्टिकच्या टाकीत सोडू नये, उकळत्या पाण्याने टाकीचे प्लास्टिक मऊ पडते. या नळीवर कुठेही चावी, झडप किंवा टोपण असता कामा नये.

आमच्या पहिल्या जोडणीत ही नळी टाकीच्या पातळीपेक्षा जेमतेम वीतभर वर होती आणि तिच्यातून अधूनमधून गरम पाणी ठिबकत असे. प्लंबरने उपाय म्हणून तिच्यावर चावी बसवली आणि ती बंद केली. गणपतीत घर भरलेले होते, बंब पहाटेपासून पेटलेला होता, आणि आदल्या दिवशी टाकी धुताना थंड पाण्याची चावी फिरवली गेली होती ती तशीच राहिली होती. आधी बंबातून आधणासारखा बारीक आवाज येऊ लागला. मग आतून कोणी हातोडी मारावी तसे ठोके सुरू झाले. मी मागीलदारी पोचलो तेव्हा बंबाच्या डोक्यावरून निघालेली सीपीव्हीसीची (गरम पाण्यासाठी वापरतात त्या प्लास्टिकची) नळी दोन क्लॅम्पांच्या मधोमध पडवळासारखी लोंबत होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा जोड सुटून वाफेचा लोट समोरच्या गडग्यावर आदळला. त्या बाजूला तेव्हा कोणी नव्हते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. ती नळी सुटली नसती तर बंबाचा पत्रा फाटला असता. हवानळीतून पाणी ठिबकत असेल तर तिची उंची वाढवावी, दुसरा उपाय नाही.

त्या नळीने आणखी एक धडा दिला. सीपीव्हीसी ८२ अंशांच्या आसपासपर्यंतच भरवशाची असते, आणि थंड पाण्याची पांढरी प्लास्टिक नळी, म्हणजे यूपीव्हीसी, गरम पाण्याला वापरूच नये. बंबापासून निदान दीड मीटर नळ तांब्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा आणि पुढे पितळी आट्यांचा जोड देऊन सीपीव्हीसी सुरू करावी. तांब्याचा बंब आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) नळ एकमेकांना थेट जोडले तर जीआय नळ सांध्याजवळ लवकर सडतो, तिथेही मधे पितळ घालावे. दहा मीटर सीपीव्हीसी ४० अंशांनी तापली की सुमारे २५ मिमीने लांबते. त्यामुळे क्लॅम्प आवळून टाकू नयेत, नळ त्यांतून सरकला पाहिजे, आणि लांब पल्ल्यात एक काटकोनी वळसा द्यावा. नळावर काळ्या रबरी फोमचे वेष्टन घालून उन्हात येणारा भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकावा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो.

साठवण टाकी वेगळी असेल तर तिचे बूड बंबाच्या माथ्यापेक्षा वर हवे. मग पंपाशिवाय, गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली या स्वभावानेच पाणी फिरत राहते. बंबाच्या माथ्यापासून टाकीच्या वरच्या भागाकडे जाणारा नळ सतत चढता असावा, मीटरमागे दोन सेंमी तरी. मधे कुठे उंचवटा आला तर तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि फिरणे थांबते. ही दुय्यम टाकी आणि बंब यांच्यामधल्या दोन्ही नळांवर चाव्या नकोत, आणि बंबाची हवानळी तिथेही वेगळी उघडी हवीच. छपरावर सौर पाणीतापकाची टाकी असेल आणि तिला जादा तोंडे असतील तर बंब तिलाच जोडता येतो. उन्हाळ्यात सूर्य आणि पावसाळ्यात लाकूड, अशी सोय मला सर्वांत आवडते.

माथ्यावर एक काट्याचा तापमापक बसवावा. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. न्हाणीत बादलीत आधी थंड पाणी आणि मग गरम, ही सवय घरातल्या सर्वांना लावावी. पाहुण्यांच्या खोल्यांत मिश्रण करणारी झडप लावावी आणि ती कमी दाबावर चालणारी आहे ना, हे विचारून घ्यावे.

पहिली आग

बंब आणि नळ भरून एक दिवस नुसते ठेवावेत, प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहावा. मग तीन दिवस रोज थोडी थोडी आग करावी, म्हणजे विटांतली ओल सावकाश जाते. पहिल्या दिवशी मूठभर सोडणे पुरेत. थंड झाल्यावर सांधे पुन्हा आवळावेत. पुढे रोज पेटवण्याआधी न्हाणीतला गरम नळ उघडून धार येते की नाही हे पाहणे सोडू नये. वीज गेल्याने पंप चालला नाही आणि टाकी रिकामी राहिली, असे कोकणात केव्हाही होते.

जळण

ओले लाकूड निम्म्याने पाणीच असते. त्याची उष्णता ते पाणी उडवण्यात जाते आणि धुराड्याला डांबरासारखा कीट धरतो. दिवाळीनंतर तोडून फोडलेल्या आंब्याच्या ढलप्या शिमग्यापर्यंत उन्हात रचाव्यात आणि मृगाआधी छपराखाली घ्याव्यात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की वाळलेल्या टणटणतात, ओल्या दबका आवाज करतात. सोडणे पेटवण्यास उत्तम असतात. करवंट्या फार तापतात, त्या एकावेळी पसाभरच घालाव्यात.

काजूची टरफले घालू नयेत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि धुराडे चिकट होते. समुद्रातून वाहून आलेली लाकडे आणि जुन्या होडीची फळकुटेही बाहेर ठेवावीत, त्यांतले मीठ जळून पत्रा खाते. कांदळवनाला हात लावणे हा गुन्हा आहे. आंबा, फणस, ऐन, किंजळ यांसारखी झाडे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतात, म्हणून ती तोडण्याआधी परवानगी घ्यावी. आमच्याकडे छाटणीच्या फांद्यांवर आणि पडलेल्या झावळ्यांवर काम भागते.

राख रोज काढावी. पावसाळी हवेत ती ओल शोषते आणि तिचा खार पत्र्याला खातो. तीच राख, विशेषतः सोडणांची, पालाशयुक्त असते. पूर्ण थंड झाल्यावर माडाच्या आळ्यात पसरावी. धुराडे पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करावे, महिन्यातून एकदा तळाची तोटी उघडून लालसर गाळ सोडावा, आणि मे महिन्यात शिडी लावून हवानळीच्या तोंडात डोकावून पाहावे, कारण कुंभारमाशी तिथे मातीचे घर बांधते.

घर बंद ठेवताना

मुंबईला परतणाऱ्यांनी बंब भरलेला सोडू नये. आग पूर्ण विझल्यावर थंड पाण्याची चावी बंद करून तळाची तोटी उघडावी, गरम नळ उघडे ठेवावेत म्हणजे हवा आत जाऊन पाणी उतरते. राख खरवडून काढावी, आगीची खोली कोरड्या फडक्याने पुसावी आणि धुराड्याच्या तोंडाला पत्र्याचे झाकण बांधावे. त्यानंतर राखेच्या दाराला तारेने एक पाटी अडकवावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहावे: “आत पाणी नाही. धुराडे बंद आहे. पेटवू नये.” आमच्या पाटीच्या मागच्या बाजूला पुन्हा सुरू करताना कोणती चावी आधी उघडायची, तेही लिहून ठेवले आहे.